पणजोबा 1956 नंतर हयात होते का?

प्रश्न : माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, 1998 मध्ये वारली. तिच्या माहेरची शेतजमीन तिच्या दोन भावांच्या नावावर चढली, आता ती भावांच्या मुलांकडे आहे आणि ते विकायच्या विचारात आहेत. 1959 च्या फेरफारात 'खातेदार सुमारे पाच वर्षांपूर्वी मयत, वारस मुलगे दोन' एवढंच लिहिलं आहे. पणजोबांच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत सापडत नाही. वडिलांचे मामेभाऊ म्हणतात, ते 1956 च्या आधीच गेले, त्यामुळे आजीला हक्क नव्हता. आजी मात्र सांगायची की तिच्या धाकट्या भावाच्या लग्नात पणजोबा हजर होते. प्रतिज्ञापत्र करून मृत्यूची उशिराची नोंद करून घेऊ का?

उत्तर : नका करू. आजच्या घडीला पणजोबांची मृत्यूची तारीख तुमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. अंदाजाने टाकलेली तारीख प्रतिज्ञेवर लिहिली, तर समोरचा वकील उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच विचारेल, आणि मग तुमची खरी कागदपत्रंही संशयात येतील.

तुमचं सगळं प्रकरण एका तारखेवर उभं आहे : 17 जून 1956. त्या दिवशी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला. पणजोबा त्यानंतर गेले असतील तर मुलगी ही पहिल्या वर्गातली, म्हणजे मुलग्यांच्या बरोबरीने सर्वांत आधी हक्क मिळणारी, वारस. जमीन त्यांनी स्वतः कमावलेली असेल, तर पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी असे चार सारखे हिस्से. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल, तर आधी त्यांचा स्वतःचा हिस्सा काढायचा आणि तेवढ्यातच आजीचा वाटा. तो बराच लहान होतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क देणाऱ्या 2005 च्या दुरुस्तीचा आधार मात्र तुम्हाला नाही. 9 सप्टेंबर 2005 रोजी जी मुलगी हयात होती तिलाच तो मिळतो.

म्हणजे ते नेमके कधी गेले हे सिद्ध करायची तुम्हाला गरजच नाही. 17 जून 1956 नंतरच्या कुठल्याही एका दिवशी ते हयात होते, एवढं दाखवलंत तरी पुरे. मृत्यूची नोंद शोधण्यात वेळ घालवू नका, हयातीची खूण शोधा.

'सात वर्षं ज्याची खबर नाही तो मयत' या नियमाचा आधार घ्यायला तुम्हाला कुणीतरी सुचवेल. त्याने काम होणार नाही. आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्पष्ट केलं आहे की, या नियमाने माणूस मयत मानता येतो, पण तो अमुक दिवशी गेला असं मानता येत नाही. ते सांगणाऱ्यानेच सिद्ध करायचं.

आता फेरफाराकडे या. महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे हक्कनोंद खरी मानली जाते, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. आणि फेरफाराने मालकी मिळतही नाही, जातही नाही. शिवाय 'सुमारे पाच वर्षांपूर्वी' हे कुणाचं म्हणणं? ज्याने वर्दी, म्हणजे मृत्यूची खबर तलाठ्याला दिली, त्याचं. वर्दी बहुधा मुलग्यांचीच असणार, आणि बहिणीचं नाव न येण्यात त्यांचा फायदा होता. म्हणून संगणकीकृत उताऱ्यावर थांबू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षातून मूळ फेरफार आणि वारस नोंदवहीची, म्हणजे गाव नमुना 6-क ची, प्रमाणित नक्कल घ्या. वर्दी कुणाची, जबाब कुणाचे, सही की अंगठा हे पाहा. 'मुलगी एक, सासरी नांदते' असा शेरा मूळ नोंदीत असतो आणि पुढच्या नकलेत गळतो, असंही घडतं.

जमीन कधी कुळाकडे होती का, किंवा पणजोबाच कूळ होते का, हे विचारा. मुंबई कूळकायद्यातला कृषकदिन, म्हणजे कसणारं कूळ जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं तो दिवस, 1 एप्रिल 1957 चा. कलम 32-ग च्या चौकशीत शेतजमीन न्यायाधिकरणापुढे पक्षकारांचे जबाब होत. त्या फाईलीत पणजोबांचा अंगठा निघाला, तर 'पाच वर्षांपूर्वी मयत' हे विधान तिथेच पडतं. दुय्यम निबंधकाकडे 1956 नंतरचं गहाणखत किंवा खरेदीखत, सोसायटीचं कर्जखत, 1957 च्या निवडणुकीची मतदार यादी यांतही शोधा. मतदार यादीत मयतांची नावं राहून जातात, तेव्हा एकट्या यादीवर भिस्त नको.

आजीची आठवण मला फार मोलाची वाटते. ती शोधाला दिशा देते. धाकट्या भावाच्या लग्नाची पत्रिका मिळवा. निमंत्रक म्हणून पणजोबांचं नाव आहे का, नावाआधी 'श्री.' आहे की 'कै.', आणि साल कोणतं, एवढ्या तीन गोष्टी बघा. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून आला, तर सही-हस्ताक्षराच्या खरेपणाबद्दल न्यायालय भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 92 खाली गृहीतक धरू शकतं. म्हणून पत्रिका ज्या पेटीत, ज्या नातेवाइकाकडे सापडेल, त्यालाच साक्षीदार करा. मूळ कागदावर पेन टेकवू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको.

घराण्यातलं कुणी अस्थिविसर्जनाला नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत पिढ्यांची नावं, येण्याची मिती आणि सही असते. तुमच्या गावाची वही कुठल्या घराकडे आहे ते विचारून जा. मजकूर मोडीत असेल तर लिप्यंतर जाणकाराकडून करून घ्या. न्यायालयात त्यालाच उभं राहावं लागेल.

कचेरीत 'रेकॉर्ड नाही' म्हणाले तर माहिती अधिकाराचा अर्ज द्या. रजिस्टर नष्ट केलं असेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची नक्कल मागा. तीस दिवसांत लेखी उत्तर यायला हवं, आणि ते उत्तरही दाव्यात लावता येतं.

विक्रीच्या बाबतीत मात्र शोध पुरा होण्याची वाट पाहू नका. वाटपाचा दावा आणि त्यासोबत तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज लवकर दाखल करा. नकला मिळतील तशा जोडता येतील. एवढी वर्षं गेल्यावर समोरून मुदतीचा आणि प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे 'इतकी वर्षं उघडपणे आमचाच ताबा, म्हणून जमीन आमची' असा मुद्दा येणारच, त्याची तयारी वकिलाकडून आधीच करून घ्या.

आणि शोधात ते खरंच 1956 पूर्वी गेल्याचं निघालं तर? नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं आहे की, वडील 1956 पूर्वी विधवा पत्नी मागे ठेवून गेले असतील, तर मुलीला वडिलांकडून वारसाहक्क नाही. तो रस्ता तिथे संपतो. पण पणजींबद्दल तुम्ही पत्रात एक अक्षरही लिहिलेलं नाही. हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या 1937 च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या हिश्श्यात मर्यादित हक्क दिला होता. शेतजमिनीला तो कधीपासून लागू झाला हे त्या वेळच्या प्रांतावर अवलंबून आहे, ते तपासावं लागेल. तो हक्क पणजींना मिळाला असेल आणि त्या 17 जून 1956 नंतर हयात असतील, तर 1956 च्या उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने तो पूर्ण मालकीचा झाला. मग त्यांच्या पश्चात मुलगे आणि मुलगी सारखेच वारस. त्यामुळे वर सांगितलेल्या प्रत्येक ठिकाणी पणजींचंही नाव शोधा, माहेरचं आणि सासरचं दोन्ही.