कढीपत्त्यावरचं सोंग

प्रश्न : आमच्या मंगळवार पेठेतल्या गच्चीवर कुंडीत कढीपत्ता आहे. पानावर पक्ष्याची शिट दिसली, पुसायला गेले तर ती हलली! आठवड्याने तिथंच बोटाच्या पेराएवढी हिरवी अळी. सासूबाई म्हणतात, औषध मारा. शेजारच्या कुंडीत आवळ्यासारख्या पानांचं रोपही आपोआप आलंय. उपटू का?

उत्तर : ताई, औषध राहू द्या. ती शिट आणि ही अळी एकच. लहानपणी शिटेचं सोंग घ्यायचं, म्हणजे पक्षी चोच लावत नाहीत. शेवटची कात टाकली की हिरवी. काडीने हळूच डिवचा. डोक्यामागून तांबड्या रश्शाच्या रंगाचं दोन शिंगांसारखं काहीतरी बाहेर आलं आणि उग्र वास सुटला, तर बहुतेक कॉमन मॉरमॉन फुलपाखराची अळी. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, २०१५ साली जाहीर झालेलं, त्याच कुळातलं. ही अळी चावत नाही, तिच्यामुळे खाजही सुटत नाही. केसाळ अळ्यांना मात्र हात लावू नका.

माझ्या कढीपत्त्याचा एकदा नुसता खराटा झाला होता. महिनाभर फोडणी शेजारणीच्या झाडावर चालली. मग पावसात पुन्हा फुटला.

आता शेजारच्या कुंडीतल्या रोपाची डहाळी उलटी करून बघा. खाली ओळीनं मोहरीपेक्षा जराशी मोठी हिरवी फळं असली, तर भुईआवळ्याच्या जातीतलं आहे. नको असेल तर बिया सांडायच्या आत उपटा, नाहीतर कुंडी त्याच्या नावावर करून द्या!