कप्पे बाजूला ठेव, वर्गात बस

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

शिक्षणाच्या समाजशास्त्रावरचं तुझं टिपण वाचलं. प्रकार्यवाद (शाळा समाज टिकवते), संघर्षवाद (शाळा विषमता टिकवते), आंतरक्रियावाद (रोजच्या व्यवहारातून अर्थ घडतात) असे तीन कप्पे पाडून प्रत्येकात दोन-दोन नावं बसवली आहेस. गुण मिळतील, पण निरीक्षणाला वर्गात बसशील तेव्हा हे कप्पे फारसे कामी येणार नाहीत. तिथे एकच प्रश्न लावून धर: घरची विषमता वर्गात शिरते कशी, आणि निकालाच्या दिवशी तिला 'गुणवत्ता' हे नाव मिळतं कसं?

अमेरिकी प्रकार्यवादी टॅल्कॉट पार्सन्सला तू दोन ओळींत उडवलंस, ते मला पटलं नाही. 1959 च्या लेखात तो म्हणतो की वर्गात सगळ्यांना एकच मापदंड लावला जातो, म्हणून मागे पडणारेही निकाल न्याय्य मानतात. हे खरंच घडतं. हा मापदंड कोणाच्या घरच्या सवयींवर बेतलाय, हे मात्र तो विचारत नाही. ते फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्दियूने विचारलं. शाळा जे उघडपणे शिकवत नाही, तरी ज्याची अपेक्षा धरते, ते काही मुलं घरूनच घेऊन येतात. त्यालाच तो सांस्कृतिक भांडवल म्हणतो.

याचा बारकावा पाहायचा तर भाषा आणि वर्ग यांवर लिहिणारा ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बर्नस्टाइन वाच. पाच वर्षांच्या मुलांना चार चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावली होती. मुलं फुटबॉल खेळतायत, चेंडू खिडकीतून आत जातो. त्यावरून बर्नस्टाइन दोन नमुने मांडतो. एकात, म्हणजे मध्यमवर्गीय मुलाच्या, 'तीन मुलं खेळतायत, एकाने चेंडू मारला, तो खिडकीतून गेला.' दुसऱ्यात, म्हणजे कामगाराच्या मुलाच्या, 'ते खेळतायत, त्याने मारला, तो तिकडून गेला.' दुसरी गोष्ट चित्रं समोर असली की पूर्ण कळते. समोरच्यालाही चित्रं दिसतायत, मग 'खिडकी' कशाला म्हणायचं? मूल चुकलेलं नाही. पण शाळेला पहिलीच गोष्ट हवी असते. 'कामगारांच्या मुलांची भाषा तोकडी' असा अर्थ पुष्कळांनी काढला; बर्नस्टाइनने तो वारंवार नाकारला. तुझ्या टिपणातही तोच घोळ आहे, दुरुस्त कर.

बोल्स आणि गिंटिस या अमेरिकी अर्थतज्ज्ञांचं (1976) म्हणणं थोडक्यात असं, की शाळेची शिस्त ही कारखान्याच्या शिस्तीची तालीम. मांडणी ठाशीव आहे, पण त्यात मुलं अगदीच मातीचे गोळे होऊन जातात. म्हणून लगेच पॉल विलिसचं 1977 चं 'लर्निंग टू लेबर' हे पुस्तक घे. इंग्लंडमधल्या एका औद्योगिक गावातली कामगारांची बारा मुलं. शिक्षकांना न जुमानणारी, निमूट ऐकणाऱ्यांची टर उडवणारी, पदव्यांच्या आश्वासनातली पोकळी बरोबर ओळखणारी. हुशार, खरं तर. आणि त्याच बंडाच्या वाटेने ती स्वतः होऊन अंगमेहनतीच्या कामात जातात. त्यांच्या थट्टामस्करीचा बाज वडिलांच्या कारखान्यातलाच. (विलिसला मुली जवळजवळ दिसल्याच नाहीत, ही टीका रास्त आहे.)

शिक्षकांच्या अपेक्षांचा मुलांवर काय परिणाम होतो, हे पाहणारा रोझेंथल-जेकबसन यांचा 1968 चा प्रयोग जरा जपून वापर. यादृच्छिक निवडलेली मुलं 'चमकणार' असं शिक्षकांना सांगितलं आणि त्यांचा बुद्ध्यंक वाढला, एवढंच सगळे लिहितात. ठळक फरक मुख्यतः पहिली-दुसरीतच दिसला, आणि चाचणीच्या विश्वासार्हतेवर लगेच आक्षेप आले, हेही लिही.

पुढचं टिपण एकाच तासावर कर. शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावर कोणासाठी ते किती वेळ थांबतात, आणि कोणाचं उत्तर स्वतःच पूर्ण करून टाकतात, एवढंच टिपून आण. सिद्धांतांची नावं त्यात नसली तरी चालेल.

तुझा,
सर