जुने वैयक्तिक कागद श्रेडिंग सेवेला, म्हणजे कागदाचे बारीक तुकडे करून देणाऱ्यांना द्यावेत, की घरीच यंत्र आणावं?

सेवेला द्या, पण समोर उभं राहून. कागद नष्ट झाल्याचं प्रमाणपत्र ईमेलवर आलं की काळजी मिटली, असं वाटत असेल तर मुळीच देऊ नका.

बँकेची जुनी पत्रं, पगाराच्या पावत्या, दवाखान्याच्या फायली साठल्यात आणि तुकडे किती बारीक झाले म्हणजे कागद सुरक्षित, असं तुम्ही विचारलंय. तुकड्यांचं सांगतेच. पण आधी आमच्या घरात काय झालं ते ऐका, कारण त्यावरून माझा आणि माझ्या मोठ्या भावाचा वाद अजून मिटलेला नाही.

आई गेल्यावर तिचं कपाट आवरायला घेतलं. तिच्यावर बरीच वर्षं मानसोपचार चालू होते. आम्ही दोघं भावंडं आणि वहिनी सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणाला कळू नये अशीच तिची इच्छा होती. त्या फायलींवर तिचं पूर्ण नाव, पत्ता, निदान, औषधं, डॉक्टरांपाशी ती जे बोलली त्याच्या नोंदी, सगळं होतं. बँकेच्या कागदांवर तिच्या सह्या होत्या. माझं म्हणणं एवढंच होतं की श्रेडिंगची गाडी दारात बोलवू आणि डोळ्यांदेखत कापून घेऊ. दादा म्हणाला, "अगं, कोण वाचत बसणार आहे आईचे कागद?" त्यानं खोकी उचलून नेणारी कंपनी ठरवली, कारण ती स्वस्त होती. खोकीही त्यानंच भरली, आत काय जातंय ते न बघता.

थोड्याच दिवसांत प्रमाणपत्र आलं. क्रमांक, तारीख, शिक्का, 'सर्व कागदपत्रे सुरक्षितपणे नष्ट केली' असं वाक्य. दादानं ते मला पाठवलं आणि खाली लिहिलं, "आता झालं समाधान?"

पुढे काही आठवड्यांनी वहिनीच्या लक्षात आलं की आईच्या घराचं मूळ खरेदीखत कुठेच सापडत नाहीये. दादानं फारशी आशा न ठेवता कंपनीला फोन लावला. पलीकडच्या माणसानं खोक्यांचे क्रमांक विचारले, आत जाऊन बघून आला आणि म्हणाला, "आहेत की इथेच. या, घेऊन जा."

आम्ही दोघं गेलो. खोकी गोदामाच्या भिंतीशी रचलेली होती. एकाची चिकटपट्टी निघाली होती आणि सगळ्यात वर आईची फाइल होती. प्रमाणपत्रावरची तारीख उलटून कितीतरी दिवस झाले होते.

खरेदीखत मिळालं. तेव्हापासून दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "हिचं ऐकलं असतं तर खरेदीखताचा भुगा झाला असता." मला हे आजही सहन होत नाही. खरेदीखत वाचलं ते त्या कंपनीनं आपल्याशी लेखी खोटेपणा केला म्हणून वाचलं. आईच्या आजाराचे कागद गोदामात ये-जा करणाऱ्या कुणाच्याही हाताला लागतील असे पडले होते. ते कुणी वाचले का, हे आता कधीच कळणार नाही. मूळ कागद खोक्यात जाऊ नयेत यासाठी खोकी भरताना एकेक कागद बघायचा असतो. नष्ट करणाऱ्यानं काम टाळणं हा त्यावरचा उपाय कसा असेल?

ती खोकी आम्ही परत आणली. नंतर मी गाडी बोलावली आणि शेवटची फाइल पात्यात जाईपर्यंत तिथून हलले नाही. काही गाड्यांना आतलं दिसावं म्हणून कॅमेऱ्याचा पडदा असतो, या गाडीलाही होता.

आता तुकडे. तुकडे किती बारीक हवेत हे ठरवणाऱ्या आयएसओ/आयईसी २१९६४ या आंतरराष्ट्रीय मानकात कागदासाठी पी-१ ते पी-७ अशा पातळ्या आहेत. पी-२ म्हणजे फार तर ६ मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या, एका ए४ पानाच्या साधारण ३५. पी-४ मध्ये तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो, म्हणजे त्याच पानाचे जवळजवळ ३९० तुकडे. घरच्या कागदांना पी-४ पुरे. पट्ट्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. १९७९ साली तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीचा ताबा घेतल्यावर तिथल्या कागदांच्या पट्ट्या इराण्यांनी हातानं जुळवल्या आणि पुढे छापूनही काढल्या. २०११ मध्ये अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेनं तुकडे जुळवण्याची स्पर्धा ठेवली, तेव्हा दहा हजारांवर तुकड्यांची कोडी एका चमूनं संगणकाच्या मदतीनं सोडवली.

दादा म्हणतो, आपल्या कागदांसाठी एवढे कष्ट कोण घेणार? ते मला मान्य आहे. पण मग तुकड्यांच्या आकाराची चर्चा तरी कशाला? खोक्यात अख्खा कागद पडला असेल तर कुणालाच काही जुळवावं लागत नाही. धोका आहे तो कागद तुमच्या हातून सुटल्यापासून पात्यात पडेपर्यंत. म्हणून फोनवर एवढंच विचारा: खोकी आल्यापासून किती तासांत कापता, तोवर ती कुलपात असतात का, आणि मला उभं राहून बघता येईल का. बघू देणार नसतील तर दुसरीकडे जा. गाडी दारात येत नसेल तर खोकी स्वतः घेऊन केंद्रावर जा आणि कापून होईपर्यंत थांबा.

एखाद-दोन पिशव्याच असतील तर सेवेची गरज नाही, आडवं-उभं कापणारं घरगुती यंत्र आणा. ते एका वेळी थोडीच पानं घेतं आणि तापलं की थांबवावं लागतं, त्यामुळे खोकीच्या खोकी असतील तर त्याच्या नादी लागू नका. कर, मालमत्ता, जन्म-मृत्यूचे दाखले असं काही असेल तर ते किती वर्षं ठेवायचं याचे नियम आधी बघून घ्या. आणि दवाखान्याच्या फायलींतल्या एक्स-रे फिल्म वेगळ्या काढा, त्या कागदाबरोबर चालत नाहीत. त्यांत चांदी असते, त्या घेणारे वेगळे असतात, आणि कोपऱ्यात रुग्णाचं नाव असतंच.