सिलॉजिझमचे प्रश्न वेन आकृत्या न काढता, नियमांचा तक्ता पाठ करून सोडवावेत का?

बँकेच्या परीक्षेत सिलॉजिझमचे, म्हणजे दिलेल्या विधानांवरून कोणता निष्कर्ष निघतो हे ओळखण्याचे, प्रश्न असतात; त्यांच्या वेन आकृत्या (प्रत्येक गटासाठी एक वर्तुळ) काढायला वेळ पुरत नाही, म्हणून तक्ता पाठ करावा का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते अजिबात करू नये.

अकरावी-बारावीला मी कला शाखेत तर्कशास्त्र घेतले होते आणि त्याचा पुढे काय उपयोग, हे मला घरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांनी विचारले होते. पदवीनंतर मी दादर पश्चिमेला, फुलबाजाराजवळच्या एका क्लासला जाऊ लागले. एका संध्याकाळी सरांनी फळ्यावर दोन विधाने लिहिली: सर्व पेन वह्या आहेत; काही वह्या पिशव्या आहेत. निष्कर्षही दोन होते: काही पेन पिशव्या आहेत, एकही पेन पिशवी नाही. ‘सर्व’ आणि ‘काही’ या क्रमाने आले की निष्कर्ष निघत नाही, म्हणून उत्तर ‘दोन्ही नाहीत’, असे सांगून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले. मी उठून म्हणाले की, ‘वह्या’ हे मध्यपद, म्हणजे दोन विधानांना जोडणारे पद, दोन्ही विधानांत अव्याप्त असल्यामुळे, म्हणजे कुठेही सर्व वह्यांबद्दल काही सांगितलेले नसल्यामुळे, यांतला कोणताही निष्कर्ष एकटा सिद्ध होत नाही हे खरे, परंतु हे दोन निष्कर्ष परस्परव्याघाती आहेत, एकाच वेळी दोन्ही खोटे असू शकत नाहीत, म्हणून उत्तर ‘पहिला किंवा दुसरा’ असेच हवे. ‘‘आर्ट्सचं तर्कशास्त्र इथे चालत नाही, तक्ता पाठ करा,’’ असे सर म्हणाले आणि सगळा वर्ग हसला.

परतताना लोकलमध्ये उभ्या उभ्या मी क्लासच्या जाहिरातीच्या कागदामागे पेन्सिलीने दोन आकृत्या काढल्या. पेनांचे वर्तुळ दोन्हींत वह्यांच्या आत होते. पिशव्यांचे वर्तुळ एकीत पेनांना छेदत होते, दुसरीत वह्यांची फक्त कड छेदून पेनांपासून दूर राहत होते. दोन्ही आकृत्या विधानांना धरूनच होत्या, आणि तिसरा पर्याय उरत नव्हता.

तुम्हीही हेच करा. निष्कर्ष खरा ठरवत बसू नका. विधाने पाळून तो खोटा पाडणारी एक आकृती शोधा, आणि ती सापडली की तो निष्कर्ष एकटा म्हणून बाद करा; मात्र दोन्ही बाद झाले तर ते वरच्यासारखे परस्परव्याघाती आहेत का, हेही पाहा. पुरेसा सराव झाला की साध्या प्रश्नांना कागदही लागत नाही.

मध्यपद एका तरी विधानात व्याप्त हवे, हा नियमही नियमच आहे, पण त्यामागचे कारण कळले म्हणून तो माझ्या लक्षात राहिला. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ‘सर्व पेन वह्या आहेत’ यावरून ‘काही पेन वह्या आहेत’ हे या परीक्षांत ग्राह्य धरतात. आधुनिक तर्कशास्त्रात पेन मुळात अस्तित्वात असल्याचे वेगळे सांगावे लागते. सिलॉजिझमच्या २५६ रूपांपैकी आधुनिक पद्धतीने १५ वैध की जुन्या पद्धतीने २४, हा फरक त्यातूनच येतो. परीक्षेत परीक्षेचीच पद्धत पाळा.

हल्ली ‘सर्व पेन पिशव्या असण्याची शक्यता आहे’ असेही निष्कर्ष देतात. वरच्या विधानांवरून हा निष्कर्ष बरोबर आहे, कारण तशी आकृती काढता येते. सरांच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता.