पाने मिलिमीटरचे की इंची?

प्रश्न : घरी मारुतीची गाडी आहे, शिवाय वडिलांची जुनी पेट्रोल जीप. उद्यमनगरात दोन्ही प्रकारचे पाने मिळतात. कोणता सेट घेऊ?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी मिलिमीटरचाच घ्या. मारुतीची बहुतेक कामं 8, 10, 12, 14, 17 आणि 19च्या पान्यांवर होतात. गोटी पान्याच्या (सॉकेटच्या) हँडलचा चौकोन अर्धा इंची असतो, त्यावरून सेट इंची समजू नका.

जीपवर 7/16, 1/2, 9/16 अशा इंची मापाच्या डोक्यांचे बोल्ट भेटतील. 3/4 म्हणजे 19.05 मिलिमीटर, तिथं 19चा पाना बहुधा चालून जातो. पण 1/2 म्हणजे 12.7. त्यावर 13चा लावलात तर गंजलेल्या बोल्टाचे कोपरे गोल होतात. जीपसाठी मोजके इंची रिंग पाने आणि सहाकोनी गोट्या वेगळ्या घ्याच.

खरा घात आट्यांत होतो. एम8, म्हणजे 8 मिलिमीटर जाडीच्या बोल्टाची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.25 मिलिमीटर, 5/16 इंच जाडीच्या बोल्टाच्या जाड आट्याची 1.41. चुकीचा बोल्ट हाताने दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. तिथं पान्याने जोर लावला की इंजिन ब्लॉकमधले आटे गेलेच! बोल्टाच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असेल तर मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरचा. तीन किंवा सहा रेघा असतील तर इंची. जुन्या जीपवर मागाहून बदललेले बोल्ट मिसळलेले असतात, म्हणून शंका आली की पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावून बघा.