लेकीची वही आधी परत द्या

प्रश्न : मुलगी खानापुरात सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे. अभ्यासक्रमात नसलेल्या रिअॅक्शन एका वहीत उतरवत बसते आणि केमिस्ट्रीत बीएस्सी करायचं म्हणते. माझं म्हणणं, केमिस्ट्री म्हणजे शेवटी फिजिक्सच. मूळ सोडून फांदी कशाला धरायची? फिजिक्स घे, नाहीतर इंजिनिअरिंगला जा. सध्या ती वही मी कपाटात ठेवली आहे. तिला कसं समजवावं?

उत्तर : फिजिक्सचं नंतर बघू, मला ती वही बोचली. बोर्ड आणि केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेच्या धबडग्यात, परीक्षेला न येणारं काही आपणहून लिहिणारी मुलं फार थोडी असतात. वही काढून घेणं ही शिक्षा झाली, आणि पोरीचा गुन्हा काय ते पत्रात कुठे सापडत नाही. तिला समजवायचं कसं ते विचारता. तिला काय वाटतं हे एकदा तरी विचारलंत का? वही आजच तिच्या हातात द्या.

आता फांदीचं. असं मानणारे तुम्ही एकटे नाही. क्वांटम फिजिक्स घडवणाऱ्यांपैकी एक, पॉल डिरॅक, यांनी १९२९ साली लिहिलं होतं की, सगळ्या केमिस्ट्रीला लागणारे भौतिक नियम आता पूर्ण कळले आहेत. समीकरणं सोडवायला फार किचकट आहेत, एवढीच अडचण. ती अडचण मात्र साधी नाही. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने मळीपासून इथेनॉल काढतात. त्याच्या रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. डायमिथाइल ईथरमध्येही नेमके तेवढेच. तरी इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं आणि हे ईथर उणे २४ ला, म्हणजे आपल्याकडे ते वायूच. दोघांची केंद्रकं तीच, इलेक्ट्रॉन तेवढेच. क्वांटमचं पूर्ण समीकरण मांडलं तर दोघांचं एकच येतं. कोणता अणू कोणाला जोडलाय, हे त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून गणित करणारा केंद्रकं आधी ठरावीक जागी बसवून घेतो, आणि कुठे बसवायची ते केमिस्ट्रीकडून घेतो. रेणूचा आकार निव्वळ फिजिक्समधून निघतो का, यावर शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ आजही वाद घालतात. मेंडेलीव्हनं तर १८६९ साली आवर्तसारणी मांडली. इलेक्ट्रॉन सापडला १८९७ ला. म्हणजे अणूच्या आतलं फिजिक्स कळायच्या आधीच केमिस्ट्री तिथे पोचली होती.

तुमचं एक खरं आहे : फिजिक्स-गणिताचा कंटाळा म्हणून केमिस्ट्री घेतली, तर थर्मोडायनॅमिक्स आणि क्वांटम केमिस्ट्रीत दमछाक होते. तसं आहे का, हे तिलाच माहीत.

वाटा नेहमीच्याच : आयसर आणि निसर या केंद्राच्या विज्ञान संस्था, त्यांच्या प्रवेश परीक्षा म्हणजे आयसरसाठी आयएटी, निसरसाठी नेस्ट; किंवा बेळगाव-धारवाडला बीएस्सी. आयसरच्या बीएस-एमएसला सुरुवातीला सगळीच विज्ञानं शिकवतात, मुख्य विषय नंतर ठरतो; त्यामुळे घरातलं हे भांडण आज मिटवलंच पाहिजे असंही नाही. इंजिनिअरिंगचं म्हणाल, तर तिनं मागितला तरच तो फॉर्म भरा.

पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका. कोणता विषय घ्यायचा, ते मी तिच्याशीच बोलेन.