‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ नक्की कुणाचं?

मागच्या अंकात साठच्या दशकातल्या फोक-रॉकबद्दल, म्हणजे लोकगीतं आणि रॉक यांच्या मिश्रणाबद्दल, लिहिताना न्यू ऑर्लिन्समधल्या, माणसं बरबाद करणाऱ्या एका घरावरच्या या अमेरिकी गाण्याचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचा सगळा रकाना त्यालाच देतोय. बाकीच्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : मी म्हणतो हे गाणं ‘द ॲनिमल्स’चं, माझा मित्र म्हणतो बॉब डिलनचं. पैज लागली आहे. कोण जिंकलं?

कुणीच नाही. डिलनने हे गाणं १९६१च्या नोव्हेंबरमध्ये ध्वनिमुद्रित केलं, ते १९६२च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये आलं. ॲनिमल्स या इंग्लिश बँडचं ध्वनिमुद्रण १८ मे १९६४चं. म्हणजे तुमचा मित्र तुमच्या दोन पावलं पुढे आहे, पण मुक्कामापासून तोही कोसभर लांबच.

आता उलटं चालत जाऊ. डिलनने गाण्याची बांधणी उचलली ती न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या डेव्ह व्हॅन रॉंक या फोक गायकाकडून. नुसती उचलली नाही, रेकॉर्ड करून झाल्यावर परवानगी मागायला गेला. व्हॅन रॉंक म्हणाला, मी स्वतःच ते करणार आहे, थोडा थांब. तेव्हा डिलनने कबूल केलं की काम उरकलंय. यानंतर व्हॅन रॉंकला हे गाणं गायची सोय उरली नाही, कारण तो गायला की लोक म्हणायचे, डिलनचं गातोय. काळाने सूडही छान उगवला. ॲनिमल्सचं गाणं गाजल्यावर डिलनवर तीच पाळी आली.

त्याआधी १९६०मध्ये फोक गायिका जोन बाएझने ते आपल्या पहिल्या अल्बममध्ये घेतलं होतं. १९४१मध्ये अल्मनॅक सिंगर्स या फोक गायकांच्या गटाबरोबर वुडी गथ्री गायला होता. चाळीसच्या दशकात लेड बेलीने आणि जॉश व्हाइटनेही ते गायलं. आज आपल्याला जे शब्द आणि जी उदास चाल ओळखीची वाटते, तिचं बरंच श्रेय जॉश व्हाइटला दिलं जातं. आणि त्याच्याही मागे, १९३३मध्ये, क्लॅरेन्स ॲशली आणि ग्वेन फॉस्टर यांची याच गाण्याची ‘रायझिंग सन ब्लूज’ ही तबकडी आहे. माहीत असलेल्यांपैकी हे सगळ्यात जुनं ध्वनिमुद्रण. ॲशलीला विचारलं तर तो सांगायचा, मी आजोबांकडून शिकलो. तिथे कागदपत्रं संपतात. ॲशली औषधं विकणाऱ्या फिरत्या तमाशात गायचा. त्याच खेळात रॉय एकफ होता. त्याने ते ॲशलीकडून घेतलं आणि १९३८मध्ये रेकॉर्ड केलं. गाणी अशीच गावोगाव जायची.

पैजेचे पैसे दोघांनी मिळून खर्च करा.

प्रश्न : ॲनिमल्सच्या गाण्यात मुलगा बोलतो, जोन बाएझच्या गाण्यात मुलगी. खरं कुठलं?

या प्रश्नावर भलेभले फसतात. ‘मूळ गाणं बाईचं होतं, ॲनिमल्सने ते पुरुषाचं केलं’ असं सर्रास छापलं जातं. ॲशलीची तबकडी ऐका, त्यात पुरुषच बोलतो! म्हणजे दोन्ही धारा निदान १९३०च्या दशकापासून शेजारीशेजारी वाहताहेत.

बाईची धारा आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः एका मुलीमुळे. सप्टेंबर १९३७मध्ये लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र घेऊन केंटकी राज्यातल्या मिडल्सबरोला आला. खाणकामगारांचं गाव. तिथे जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या, खाणकामगाराच्या मुलीने त्याला हे गाणं गाऊन दाखवलं. वाद्य नाही, साथ नाही. लोमॅक्सने ते १९४१च्या आपल्या पुस्तकात छापलं आणि शहरी फोक गायकांच्या हाती लागलं.

तिच्या गाण्यात आई शिवणकाम करणारी आणि प्रियकर दारुडा आहे. ॲनिमल्सच्या गाण्यात आई तशीच राहिली, पण प्रियकर गेला आणि त्याच्या जागी जुगारी बाप आला. बदल एका नात्याचा, पण त्याने गाणं फिरतं. टर्नरच्या गाण्यात मुलगी चुकीच्या माणसाच्या मागे जाऊन बरबाद होते. ॲनिमल्सच्या गाण्यात पोरगा बापाचीच वाट धरतो. रेडिओवर वाजवायला दुसरं सोयीचं होतं हे उघड आहे, तरी मला ते केवळ सोयीचं वाटत नाही. ॲनिमल्सचा गायक एरिक बर्डन याच्या खर्जातल्या आवाजाला बापाचं ओझं शोभतं.

डिलन मात्र पुरुष असून मुलीच्याच तोंडून गायला, आणि वयाच्या विशीत. ते धाडसच.

प्रश्न : ॲनिमल्सच्या तबकडीवर नाव फक्त ऑर्गन वाजवणाऱ्या ॲलन प्राइसचं का? बँडमध्ये तर पाच जण होते.

सांगितलं जातं ते असं : लेबलवर पाच नावांना जागा नव्हती, म्हणून आडनावाऐवजी पहिल्या नावाच्या वर्णानुक्रमाने जो पहिला, त्याचं नाव टाकलं. पारंपरिक गाणं असल्यामुळे रचनाकार कुणीच नाही, पण ‘मांडणी अमुक याची’ असं लिहिता येतं आणि त्या मांडणीचं मानधन ज्याचं नाव त्याच्याच खात्यात जातं. गाणं आधी इंग्लंडमध्ये आणि मग अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी प्राइसने बँड सोडला. उरलेल्या चौघांची चिडचिड काही दशकं टिकली. सुरुवातीची ती गिटार, जी ऐकून जगभरच्या पोरांनी गिटार घेतली, ती हिल्टन व्हॅलेंटाइनची. त्याला त्या नावातून काही मिळालं नाही.

पण चौघांच्या आधी ज्यांची तक्रार ऐकायला हवी ती जॉर्जिया टर्नर. तिला या गाण्यापोटी उभ्या आयुष्यात शे-सव्वाशे डॉलर मिळाले. १९६९मध्ये ती गेली.

प्रश्न : मी गिटार शिकतोय. या गाण्यातल्या ए मायनर, सी, डी, एफ या कॉर्ड्सच्या क्रमात डी मेजर चुकीचा वाटतो. ए मायनरमध्ये डी मायनर यायला नको का?

कान शाबूत आहेत. नियमाने डी मायनरच यायला हवा, आणि नियम मोडलाय म्हणूनच गाणं अंगावर येतं.

‘ए’ला षड्ज धरा आणि कॉर्डच्या पोटातले सूर बघा. सी कॉर्डमध्ये कोमल निषाद आहे. डी मेजरमध्ये शुद्ध धैवत. लगेच पुढच्या एफमध्ये कोमल धैवत. आणि परत ए मायनरवर आलात की पंचम. म्हणजे नि, शुद्ध ध, कोमल ध, प अशी एक रेघ आतल्या आत अर्ध्या-अर्ध्या सुराने घसरत येते. गळा वरचं गातोय आणि खालची जमीन सरकतेय! डी मायनर वाजवलात तर दोनदा कोमल धैवतच येईल आणि घसरण मोडेल. वाजवून बघा, गाणं लगेच गोडगोड होतं.

ही उतरती रेघ व्हॅन रॉंकची. त्याने ती खर्जाच्या तारेवर उघड वाजवली होती, जॅझमध्ये असं चालतं पण फोकवाल्यांत नवं होतं. तिथून डिलन, आणि आपण डिलनच्या कॉर्ड्स घेतल्या हे व्हॅलेंटाइन स्वतः सांगायचा. त्याने त्या एकेक तार सुटी छेडत वाजवल्या. ॲनिमल्सची स्वतःची भर म्हणजे ठेका. आधीची बहुतेक गाणी चार मात्रांत होती, यांनी सहा मात्रांत झुलवलं. एक-दोन-तीन, चार-पाच-सहा असं मोजत प्रत्येक मात्रेला एक तार, घाई न करता. एफ कॉर्डसाठी एकाच बोटाने सगळ्या तारा दाबताना (याला बार म्हणतात) बोट दुखतं, ते सगळ्यांचंच दुखतं.

प्रश्न : न्यू ऑर्लिन्समध्ये हे घर खरंच होतं का?

‘रायझिंग सन’ नावाचं एक हॉटेल कॉन्टी स्ट्रीटवर होतं, ते १८२२मध्ये जळालं. तिथे खोदकामात रूजच्या, म्हणजे गालाला लावायच्या लालीच्या, पुष्कळ डब्या निघाल्या म्हणून वेश्यागृहाची कथा रंगवली गेली. व्हॅन रॉंकने बायकांच्या तुरुंगाच्या दारावर उगवत्या सूर्याचं चिन्ह असलेला जुना फोटो पाहिल्याचं लिहिलंय, आणि गाण्यात शेवटी बेडीचा उल्लेख आहेच. दोन्हीपैकी काहीही सिद्ध झालेलं नाही. वाटाड्यांनी दाखवलेल्या इमारतीसमोर फोटो काढायला हरकत नाही.

प्रश्न : कव्हर्स, म्हणजे इतरांनी गायलेल्या आवृत्त्या, शेकडो आहेत. कुठून सुरुवात करू?

आधी ॲशली, मग जॉर्जिया टर्नर. मगच ॲनिमल्स, आणि तेही पूर्ण, साडेचार मिनिटांचं. अमेरिकेत त्याची तीन मिनिटांची कापलेली आवृत्ती निघाली होती, तिच्या वाटेला जाऊ नका. हे गाणं लंडनच्या स्टुडिओत एका टेकमध्ये झालंय. चक बेरीबरोबरच्या दौऱ्यात ते गाऊन गाऊन घोटलेलं होतं, म्हणून जमलं. त्यात ॲलन प्राइसचा ऑर्गन कसा चढत जातो तिकडे लक्ष द्या, नावाचं भांडण घटकाभर विसरून.

नंतर निना सिमोन. तिच्या साठच्या दशकातल्या दोन आवृत्त्या आहेत, एक संथ आणि एक सुसाट. दोन्ही एकाच बाईच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. डेट्रॉइटच्या फ्रिजिड पिंकने गाणं पुन्हा चार मात्रांत नेलं आणि गिटारचा आवाज फाटेपर्यंत वाढवला. १९७०मध्ये ते अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. मला पहिलं मिनिट आवडतं, पुढे गोंगाट. फ्रेंचमध्ये जॉनी हॅलिडेने १९६४मध्येच ते गायलं. तिथे घराचा थेट तुरुंग झाला आणि गाणं फ्रान्समध्ये इतकं रुजलं की कित्येकांना ते मूळ फ्रेंचच वाटतं. डॉली पार्टनने १९८०मध्ये मुलीचं गाणं मुलीला परत दिलं, मात्र त्यातली डिस्को झाक सहन करायची तयारी हवी.

डिलन ॲनिमल्सचं गाणं ऐकून इलेक्ट्रिक गिटारकडे वळला, असंही तुम्हाला कुणीतरी छातीठोकपणे सांगेल. ऐकून घ्या आणि तेव्हा बीटल्सही रेडिओवर दिवसभर वाजत होते, एवढी आठवण करून द्या.